घरातील विष आणि ताटातील मात्रा



महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके म्हणजे सह्याद्रीच्या कुशीत वसलेला, इतिहासाने भारलेला मुलूख. एका बाजूस रायगड, दुसऱ्या बाजूस महाबळेश्वरचे कडे, मधून वाहणारी सावित्री. समर्थांची शिवथरघळ इथली, नरवीर तानाजींचे उमरठ इथले आणि पिण्याच्या पाण्यावर माणसाला माणूस म्हणून हक्क असलाच पाहिजे, हे 1927 साली साऱ्या देशाला सांगणारे चवदार तळेही इथलेच. एवढा मोठा वारसा सांगताना या घरांच्या आरोग्याची एक कथा मात्र बहुधा राहून जाते. आजचा विषय घरातील विषांचा आणि आहारातील मात्रेचा आहे, म्हणून प्रारंभ त्या कथेपासूनच करणे उचित ठरेल.

1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातील देहेड गावच्या गरीब शेतकरी कुटुंबातून, अपार कष्टांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलेले हे डॉ. हिंमतराव बावस्कर. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचे आत्मकथन मराठी वाचकांना परिचित आहे. बिरवाडीत त्यांच्या पुढ्यात जे दृश्य वारंवार येऊ लागले, ते कोणत्याही क्रमिक पुस्तकात पुरेसे लिहिलेले नव्हते. लाल विंचू चावलेला धडधाकट गडी किंवा खेळते मूल केंद्रावर आणले जाई. आधी उलट्या, मग सर्वांगाला दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार आणि काही तासांतच छाती भरून येऊन तोंडाला फेस. विंचू चावून माणूस दगावतो, हे शहरातल्या तज्ज्ञांना खरे वाटत नव्हते आणि वाडीवस्तीवरच्या माणसाला ते दैव वाटत होते.

डॉ. बावस्करांनी काय केले? ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांची तासातासाची टिपणे त्यांनी ठेवली. ना मोठी प्रयोगशाळा, ना परदेशी अनुदान. कोणत्या रुग्णाच्या हृदयावर घाला पडणार, हे आधीच ओळखण्याच्या खुणा सांगणारा त्यांचा लेख 1982 साली ‘लॅन्सेट’ या मान्यवर ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या रुग्णांना देऊन पाहिले आणि त्याचा अनुभव 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने एकाच्या आसपास आले. महाडच्याच रुग्णालयात 70 रुग्णांवर केलेली विंचूविरोधी लस आणि प्राझोसिन यांच्या एकत्रित उपचाराची चाचणी 2011 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आली. सहधर्मचारिणी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या कार्यात खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. 2022 साली डॉ. हिंमतरावांना ‘पद्मश्री’ने गौरविण्यात आले. खेड्यात राहूनही जगाला शिकवता येते, याचे याहून जिवंत उदाहरण शोधायला दूर जाण्याचे कारण नाही.

या कथेत आजच्या विषयाचे बीज आहे. लाल विंचवाचे विष शरीरात गेले की ते शरीराच्याच चेतासंस्थेला भडकावते. एरवी संकटकाळी माणसाला बळ देणारी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये अतोनात प्रमाणात रक्तात ओतली जातात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी साचते. म्हणजे घात होतो तो बराचसा शरीराच्या स्वतःच्याच, एरवी हितकारक असलेल्या द्रव्याच्या अतिरेकाने. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘मात्राशितीय’ नावाचा एक संपूर्ण अध्याय आहारविहाराच्या मात्रेचा विचार करतो, तो उगीच नव्हे.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट नेमकी अशीच आहे.

अलीकडे परदेशांतून एक विचार आपल्याकडील सुशिक्षित घरांतही येऊन पोहोचला आहे. अ जीवनसत्त्व हे जीवनसत्त्व नसून विषच आहे, तेव्हा दूध, तूप, अंडी, पालेभाज्या, गाजर, आंबा, सारे वर्ज्य करावे आणि यकृत ‘स्वच्छ’ करावे, असे त्यात सांगितले जाते. या म्हणण्याला बळकट शास्त्रीय आधार नाही. परंतु ते हसून सोडून देण्यासारखेही नाही, कारण त्यात एक सत्याचा कण आहे आणि कणाच्या आधारानेच असत्य पसरते.

तो कण असा. प्राणिज पदार्थांत आणि औषधी गोळ्यांत तयार स्वरूपात असलेले अ जीवनसत्त्व स्निग्धात विरघळते, यकृतात साठते आणि सहजासहजी बाहेर पडत नाही. 1597 साली उत्तर ध्रुवाकडे अडकलेल्या डच खलाशांनी पांढऱ्या अस्वलाचे यकृत खाल्ले, तेव्हा ते आजारी पडले आणि काहींची कातडी पायापर्यंत सोलवटून निघाली. कारण कळायला पुढे तीन शतके लागली. अतिरेकाने डोकेदुखी, उलट्या, केस गळणे, त्वचा कोरडी पडणे आणि यकृताला इजा संभवते. गरोदरपणी तर गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोका असतो. तरुण मुलींना मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हे औषध अ जीवनसत्त्वाच्याच कुळातले आहे. ते गरोदर स्त्रीने घेताच कामा नये आणि मैत्रिणीच्या सांगण्यावरून तर कोणीच घेऊ नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 840 मायक्रोग्रॅम आणि पुरुषाला 1000 मायक्रोग्रॅम एवढे अ जीवनसत्त्व पुरे. 3000 मायक्रोग्रॅम ही वरची मर्यादा.

आता नाण्याची दुसरी बाजू. भाताची पेज आणि भात हेच ज्या घरांत मुख्य अन्न, तिथे मुलांना अ जीवनसत्त्व मिळायचे कोठून? पांढऱ्या तांदळात ते नाहीच. दिवेलागणीला मूल ठेचकाळू लागले की आजी ‘रातांधळे’ म्हणे. हीच अवस्था पुढे बुबुळ मऊ पडून कायमच्या अंधत्वापर्यंत जाई. देशातील असंख्य बालकांची दृष्टी अशी गेली, म्हणून 1970 साली शासनाने मुलांना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. नवव्या महिन्यात एक लाख एकक आणि नंतर दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक, असे पाच वर्षांपर्यंत नऊ डोस. या कार्यक्रमाने अंधत्वाचे संकट मागे हटविण्यास हातभार लावला, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे.

काळ मात्र बदलला आहे. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाच्या आकडेवारीचा पुन्हा अभ्यास करून भारतीय शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवून दिले की, लहान मुलांतील अ जीवनसत्त्वाची कमतरता देशपातळीवर सुमारे 15.7 टक्के आहे. 20 टक्क्यांच्या वर गेली तर ती गंभीर सार्वजनिक समस्या मानली जाते. एकीकडे मोठे डोस, दुसरीकडे अ आणि ड जीवनसत्त्वे मिसळलेले तेल आणि दूध, त्यात हौसेने आणलेली टॉनिके, हे सारे एकाच मुलाच्या पोटात गेले तर काहींच्या बाबतीत मात्रा ओलांडली जाऊ शकते, असा सावधगिरीचा इशारा त्यांनी दिला. जागतिक संस्थांनी आखलेले धोरण आपल्या देशातील आकड्यांवर तपासून पाहण्याचे हे धाडस आपल्याच वैज्ञानिकांनी केले, ही अभिमानाची बाब आहे.

मग गृहिणीने काय करावे? महाड शहरातील चौकोनी कुटुंब आणि पोलादपूरच्या डोंगरातील वाडी यांना एकच उत्तर लागू पडत नाही. ज्या घरात दूध, तूप, अंडी, मासळी आणि भाजीपाला नित्य आहे, तिथे वेगळ्या कॅप्सूलची, कॉड माशाच्या तेलाची वा टॉनिकची गरज नाही. तेलाच्या पिशवीवर निळे ‘+फ’ चिन्ह असेल तर त्या तेलाच्या प्रत्येक ग्रॅममध्ये 6 ते 9.9 मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिसळलेले असते, एवढे ध्यानी ठेवावे. दिवसाच्या चार चमचे तेलातून मिळणारी ही मात्रा भिण्यासारखी नाही, पण तिच्यावर टॉनिकाची भर घालण्याचेही प्रयोजन नाही. ज्या वाडीवर ताटात वर्षाचे आठ महिने भात आणि आमटीच असते, तिथे मात्र मुलाचा डोस चुकवणे हा अपराध होय. मुलाच्या कार्डावर डोसाची नोंद पाहावी आणि तोच डोस दुसरीकडे पुन्हा दिला जात नाही ना, हे आशाताईंना विचारावे.

या दोन्ही घरांना सारखाच उपयोगी पडणारा मार्ग आपल्या परड्यात उभा आहे. शेवग्याचा पाला, अळू, माठ, पावसात फुकट उगवणारा टाकळा, लाल भोपळा, पिकली पपई, हापूस नव्हे तर साधा रायवळ आंबा. या वनस्पतींत तयार अ जीवनसत्त्व नसते, त्याचे पूर्वरूप असलेले कॅरोटीन असते. शरीर त्यातून आपल्याला हवे तेवढेच अ जीवनसत्त्व घडवते. म्हणून भाजी-फळे कितीही खाल्ली तरी फार तर तळहात पिवळे दिसतील, विषबाधा होणार नाही. मात्र हे कॅरोटीन अंगी लागण्यासाठी सोबत थोडे स्निग्ध हवे. अळूच्या फतफत्यात शेंगदाणे आणि खोबरे घालणारी, टाकळ्याला लसणीची फोडणी देणारी कोकणची गृहिणी हे शास्त्र न शिकताच आचरत आली आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर शेळीच्या यकृताचा उपाय सांगितला आहे, तोही आधुनिक शास्त्राशी जुळतो. यकृतात अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, म्हणून औषध म्हणून ते थोडे, कधीतरी. रोजचे भोजन म्हणून नव्हे.

हे झाले ताटाचे. आता घराकडे वळू.

कृत्रिम विषांची यादी लांब आहे, पण सर्वांत जवळची चुलीतून निघते. धुरकट स्वयंपाकघरात फुंकणी धरून बसणारी आई आणि तिच्या मांडीवरचे तान्हे, दोघेही लाकडाचा धूर श्वासातून घेत असतात. 2016 च्या उज्ज्वला योजनेने लाखो घरांत गॅस पोहोचला. तरीही सिलिंडर कोपऱ्यात आणि चूल पेटलेली, हे दृश्य संपलेले नाही. पाणी तापविण्यापुरती चूल पडवीत न्यावी, धुराला वाट द्यावी. हीच दक्षता डासांच्या अगरबत्तीबाबत घ्यावी आणि, कटू वाटले तरी सांगणे प्राप्त आहे, बंद देवघरात सतत जळणाऱ्या धूपकांडीबाबतही. देवाला सुगंध हवा असतो, काजळी नव्हे.

दुसरे विष शिसे. त्याचा लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच नाही. 2010 साली डॉ. बावस्करांनीच महाराष्ट्रातील एका खेड्यात पिण्याच्या पाण्यातील जड धातू आणि मूत्रपिंडाचा दीर्घ विकार यांचा संबंध मांडला होता. घरात शिसे येते ते जुन्या रंगांच्या पोपड्यांतून, चकचकीत पिवळ्या केलेल्या भेसळीच्या हळदीतून, भांड्याला केलेल्या भेसळीच्या कल्हईतून. हळद शक्यतो गावची, डोळ्यांदेखत दळलेली घ्यावी. पितळेच्या भांड्यात कोकमाचे सार शिजवायचे तर कल्हई हवीच, पण कल्हईवाल्याला शुद्ध कथिलाचीच कल्हई कर, असे बजावावे. हळदीकुंकवाच्या करंड्याचीही परीक्षा करावी. हळद आणि चुन्यापासून होणारे कुंकू निराळे आणि शेंदरी झाकेचे, शिशाच्या क्षारांचे स्वस्त चूर्ण निराळे. सौभाग्यलेणे कपाळी धारण करताना त्यातून मुलाच्या तोंडात विष जाऊ नये, एवढी चौकसी प्रत्येक भगिनीने करावी.

कापूर, डांबरगोळ्या, रॉकेल आणि कीटकनाशके यांविषयी थोडक्यात. कापराची वडी लहान मुलाच्या पोटात गेली तर झटके येऊ शकतात. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत तान्ह्याला गुंडाळल्यास काही बालकांच्या रक्तपेशी फुटून कावीळ होते. रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरू नये. मूल प्यायलेच तर उलटी करवू नये, थेट दवाखान्यात न्यावे. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. ती औषधे आपल्याकडेही भातशेती आणि आंब्यासाठी आणली जातात आणि पुष्कळदा खाटेखाली ठेवली जातात. 2021 च्या जुलैतील महापुरात महाड बुडाले, तेव्हा जे जे खाली ठेवले होते ते ते पाण्यात मिसळले. अशा बाटल्या उंचावर, कुलपात, स्वयंपाकघरापासून दूर असाव्यात.

आणि शेवटी पुन्हा विंचू. तो घरातच राहतो. दगडी जोत्याच्या फटीत, गोवऱ्यांच्या ढिगात, लाकूडफाट्यात, कौलांच्या सांदीत. भिंतींच्या फटी बुजवाव्यात, सरपण घरापासून दूर रचावे, खाट भिंतीला टेकवू नये, चप्पल-बूट झाडून घालावेत, रात्री बॅटरीशिवाय पाय टाकू नये. चावलाच तर ‘विंचू उतरविण्या’त तास घालवू नये. वेदना फार आहेत की नाहीत यावर विसंबू नये, कारण ज्याला घाम आणि उलट्या सुरू झाल्या त्याचाच प्राण धोक्यात असतो. जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा आणि गाडी मिळेल त्या गाडीने रुग्णालय गाठावे. आपल्या गावापासून सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचूविरोधी लस आहे की नाही, याची चौकशी पावसाळ्यापूर्वी शाखेतील दोघा-तिघांनी जाऊन करून ठेवावी आणि नसल्यास ती मागवून घ्यावी.