पोती किती, हाती किती?



सुगी झाली की गावात एकच प्रश्न विचारतात. "काय हो, एकरी किती पोती झाली?" ज्याची पोती जास्त, तो शेतकरी हुशार. आम्हीही वर्षानुवर्षे असेच समजत होतो. पण पोती वाढूनही देणे काही फिटेना. मग रात्रीच्या वर्गात लिहायला शिकलो, आणि आम्ही हिशेबाची वही घातली. त्या वहीने जे शिकवले, तेच आज सांगतो.

आपली जमीन थोडी. १९७०-७१ साली महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्याशा रानात चूक परवडत नाही.

आता सोयाबीनचा हिशेब पाहा. समजा, दोन भाऊ आहेत. दोघांचे एकेक एकर. क्विंटलला भाव ४,००० रुपये धरू. थोरल्याला ८ क्विंटल झाले. त्याचे ३२,००० आले. खर्च २६,००० झाला. उरले ६,०००. धाकट्याला ७ क्विंटलच झाले. त्याचे २८,००० आले. पण खर्च १८,००० झाला. उरले १०,०००. सांगा बरे, हुशार कोण?

थांबा, हिशेब अजून पुरा झाला नाही. घरच्या बायकांची मजुरी धरली का? दोन्ही घरच्या बाया खुरपणीला, काढणीला मिळून वीस-वीस रोज खपल्या. रोजाचे ३०० धरले, तर ६,००० झाले. थोरल्याला वाटते, सहा हजार नफा झाला. अहो, तो नफा नव्हे. ती घरच्या लक्ष्मीची मजुरी! त्याच्या हाती काहीच नाही. धाकट्याला मात्र ४,००० खरे सुटले.

मग उतारा फारसा न घटता खर्च कसा घटतो? चार गोष्टी आहेत.

पहिली गोष्ट बियाण्याची. सोयाबीनचे बी घरचे चालते. दरसाल विकतची पिशवी लागत नाही. पण ते उगवते का, हे आधी पाहावे. गोणपाटाचा तुकडा ओला करा. त्यावर १०० दाणे ओळीने मांडा. गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल राखा. पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजा. ७० निघाले, तर एकरी ३० किलो बी पुरते. ६० च निघाले, तर ३५ किलो घ्या. फारच कमी निघाले, तर ते बी पेरूच नका.

दुसरी गोष्ट ओलीची. एके वर्षी पहिलाच पाऊस पडला आणि आम्ही घाई केली. शेजाऱ्याने तिफण जुंपली, म्हणून आम्हीही जुंपली. मग पावसाने ओढ दिली. कोंब मातीतच वाळले. दुबार पेरणी करावी लागली. बी दोनदा, मजुरी दोनदा, पीक मात्र एकदाच. त्या वर्षीच्या कर्जाला घरातली एक पाटली गेली. दोष पावसाचा नव्हता, आमच्या घाईचा होता. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच पेरावे.

तिसरी गोष्ट खताची. सोयाबीनच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. पेरताना बियाण्याला जिवाणू खत चोळले, की हे काम चांगले होते. शेजाऱ्याचे पाहून वरून युरिया फेकला, तर पाने हिरवीगार दिसतात, पण शेंगा वाढतीलच असे नाही. माती तपासावी, आणि तिला जे कमी आहे तेच द्यावे. तण मात्र पहिला दीड महिना माजू देऊ नये. तिथे केलेली काटकसर अंगाशी येते.

चौथी गोष्ट विक्रीची. ओला माल बाजारात नेला, की भाव पाडतात. दाण्यात १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नसावा. माल नीट वाळवा, चाळा. सुगीत सगळ्यांचाच माल एकदम येतो, आणि भाव उतरतो. पण देणेकरी दारात उभा असतो, म्हणून आपण विकतो. यासाठी काही बाजार समित्यांमध्ये शेतमाल तारण योजना आहे. माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज मिळते. आपल्या बाजार समितीत जाऊन विचारा. पण तिथेही व्याज किती होईल, ते वहीत मांडूनच ठरवा. थांबले म्हणजे भाव वाढतोच असे नाही.

पाऊस आपल्या हाती नाही. बाजारभावही नाही. खर्च मात्र बराचसा आपल्या हाती आहे. पण तो दिसत नाही, कारण तो दहा-दहा, शंभर-शंभर करून जातो. कागदावर आला, म्हणजे दिसतो.

म्हणून आज घरी गेल्यावर एक वही घ्या. एका पानावर 'गेले' लिहा, समोरच्या पानावर 'आले' लिहा. घरच्या माणसांचे रोजही मांडा. वही घरच्या बाईला वाचून दाखवा. तिला लिहिता येत असेल, तर तिच्याच हाती द्या. पुढच्या सुगीत कोणी विचारले, "किती पोती झाली?" तर आपण म्हणू, "पोती सांगतो, पण हाती किती उरले तेही सांगतो."