आपल्या पेठेतले दुकान
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरसालच्या वर्धापनदिनी आपण एखाद्या विदुषीला व्याख्यानास बोलावतो. यंदा तो मान कार्यवाहबाईंनी माझ्या गळ्यात घातला, तो एवढ्याचसाठी की मी सहा महिने विलायतेत मुलीकडे राहून आले आहे. प्रवासवर्णन ऐकावयास मिळेल अशा अपेक्षेने कोणी आल्या असतील तर त्यांची थोडी निराशा होईल. लंडनचा राजवाडा मी बाहेरूनच पाहिला, आणि त्याबद्दल मला काही सांगावयाचे नाही. मला सांगावयाचे आहे ते एका बाजाराविषयी.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. तेथे डार्ट नदीच्या काठी टॉटनेस म्हणून एक लहानसे गाव आहे. वस्ती आठ-नऊ हजारांची. गावाचा मुख्य रस्ता नदीपासून निघून चढण चढत, घड्याळ असलेल्या एका जुन्या वेशीखालून जातो आणि वर किल्ल्याजवळ पोहोचतो. अशा मुख्य बाजाररस्त्याला तिकडे ‘हाय स्ट्रीट’ म्हणतात. शुक्रवारी आठवड्याचा बाजार भरतो. मुलगी कामावर गेली की मी पिशवी घेऊन तेथे जात असे. चढणीवर गुडघे बोलू लागत, पण दर दहा पावलांवर थांबून पाहण्यासारखे एक दुकान असल्यामुळे थांबण्याची लाज वाटत नसे.

जाता जाता एक सांगते. ह्या गावापासून दोन मैलांवर डार्टिंग्टन आहे. रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेचे काम केलेल्या लेनर्ड एल्महर्स्ट ह्यांनी १९२५ साली तेथली मोडकळीस आलेली जहागीर विकत घेतली आणि पत्नीच्या साहाय्याने तेथेही तसेच काम उभे केले. म्हणजे गावाचे गावपण राखण्याची विद्या ह्या मुलखाने थोडी आपल्याकडूनही नेली आहे, असे मी मुलीला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती नुसती हसली. का हसली ते पुढे कळेल.

तर २०१२ साली ह्या गावात कॉस्टा नावाच्या मोठ्या कॉफी-कंपनीने दुकान काढावयाचे ठरविले. ह्या कंपनीची दुकाने देशभर आहेत, आणि सर्वत्र एकसारखी आहेत. टॉटनेसमध्ये त्या वेळी कॉफी मिळण्याची चाळीसएक ठिकाणे होती, आणि ती सारी गावातल्याच माणसांची होती. गावकऱ्यांनी विरोध सुरू केला. अर्जावर पाच हजारांच्या वर सह्या झाल्या. तरीही स्थानिक अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. कायद्याने ती नाकारण्यास कारणच नव्हते. पण गावाचे मन पाहून त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने आपण होऊन माघार घेतली. ही गोष्ट ऐकून मला फार स्फुरण चढले. मुलीच्या शेजारच्या आजीबाईंना मी म्हटले, “काय हो तुमच्या सह्यांचा प्रताप!” त्या म्हणाल्या, सही करणे सोपे होते, पण सही केल्यावर रोजची कॉफी इथेच येऊन पिणे भाग पडले, आणि ती काही स्वस्त नाही.

हे बोलणे मला तेव्हा तितकेसे उमगले नाही.

त्याच गावाने २००७ साली स्वतःच्या नोटा छापल्या होत्या. त्यांना ‘टॉटनेस पौंड’ म्हणत. त्या गावातल्याच दुकानांत चालावयाच्या, म्हणजे गावचा पैसा गावातच फिरावा. कल्पना सुरेख! पण पुढे लोक रोख पैसेच कमी वापरू लागले, आणि २०१९ साली त्या नोटा बंद झाल्या. सरकारनेही प्रयत्न केले. मेरी पोर्टास ह्या बाईंनी २०११ साली उजाड होत चाललेल्या बाजाररस्त्यांविषयी एक अहवाल दिला. त्यावरून बारा गावे निवडून त्यांना मिळून बारा लाख पौंड वाटण्यात आले. त्यांतल्या बऱ्याच गावांत पुढे दुकाने वाढण्याऐवजी कमीच झाली. लहान दुकानांसाठी वर्षातून एक शनिवार पाळण्याची चाल अमेरिकेत २०१० साली पडली आणि २०१३ साली इंग्लंडात आली. आता ही चाल पाडली कोणी, तर क्रेडिट कार्ड चालविणाऱ्या एका बड्या कंपनीने! एका शनिवारी लहान दुकानाचे कौतुक करावयाचे आणि उरलेले दिवस दुसरीकडे जावयाचे, हे मला एकादशीच्या उपासासारखे वाटले. दुसऱ्या दिवशी दुप्पट खाणे आहेच.

एवढे सारे पाहून मी ऑक्टोबरात घरी परतले. येथून पुढचे सांगावयास मला थोडा संकोच वाटतो.

आमच्या घराखाली किराणा मालाचे दुकान आहे. दुकानदारांना आम्ही दादा म्हणतो. ते मला वहिनी म्हणतात. आमच्या ‘ह्यां’चा कारखाना बंद पडला तेव्हा चौदा महिने घरात पगार नव्हता. त्या चौदा महिन्यांचा किराणा दादांच्या वहीत मांडला गेला. त्यांनी एकदाही जिना चढून पैसे मागितले नाहीत. दिवाळीला मी यादी पाठविली नव्हती, कारण पाठविण्याचे तोंड नव्हते. वसुबारसेच्या संध्याकाळी रवा, साखर आणि तुपाचा डबा मुलाच्या हाती वर आला. ते देणे फिटावयास आम्हांला चार वर्षे लागली.

हल्ली आमच्या घरी सामान फोनवरून येते. सून नोकरी करते, सातला घरी येते. तिला मी नावे ठेवणार नाही. दहा मिनिटांत दारात पिशवी येते, दोन-चार रुपये कमीही पडतात. परत आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी चतुर्थी होती आणि पाऊस पडत होता. घरात साबुदाणा नव्हता. जिना उतरण्याचा कंटाळा म्हणून मीच सुनेच्या फोनवर बोट दाबले. दहाची वीस मिनिटे झाली तरी कोणी येईना. मग एक मुलगा भिजून वर आला. उशीर का झाला म्हणून विचारले, तर म्हणाला, “पत्ता सापडत नव्हता, आजी. खालच्या किराणावाल्यांनी सांगितलं. जिन्यात अंधार आहे, जपून जा, असंही म्हणाले.”

भगिनींनो, माझ्या साबुदाण्याची वाट दादांनी दाखविली!

दुसऱ्या दिवशी दुकानापुढून मान खाली घालून जात होते. त्यांनी हाक मारली. “साबुदाणा होता की दुकानात, वहिनी,” एवढेच म्हणाले. मग सांगितले की मुलगा दुकानात बसावयास तयार नाही, आणि पाडव्यानंतर दुकान चालवावे की गाळा भाड्याने द्यावा ह्या विचारात ते आहेत. त्या वेळी मला शेजारच्या आजीबाईंचे बोलणे आठवले, आणि मुलगी का हसली तेही उमगले.

आता, दुकानदार सगळे संतच असतात असे मी म्हणत नाही. कडधान्याला कधी कीड असते, भाव लिहिलेले नसतात, आणि दुपारी एक ते चार फळी खाली असते, ती खालीच असते. हे सर्व मी दादांना तोंडावर सांगितले आहे. आणि आपणही कमी नाही. महिन्याचे मोठे सामान दुसरीकडून आणावयाचे, आणि कोथिंबीर संपली, सुटे पैसे हवेत, किल्ली ठेवावयाची, की दादा आठवतात. कोथिंबिरीवर आणि किल्लीवर दुकानाचे भाडे निघत नाही.

मी निषेधाचा ठराव मांडणार नाही, सह्याही गोळा करणार नाही. गेल्या संक्रांतीचे आपले वाण कोठून आले हे कार्यवाहबाईंना ठाऊक आहे. त्या खोक्यावर गावाचे नावसुद्धा वाचता येत नव्हते. दिवाळीच्या फराळासाठी आपण जे पोहे, बेसन, डाळे, साखर पोत्यांनी घेतो, तेही दोन वर्षांपासून बाहेरून येते. ह्या दोन्ही खरेद्या पेठेतल्या दुकानांतून कराव्यात, भाव आधी लिहून घ्यावा, माल निवडून घ्यावा आणि पैसे त्याच दिवशी रोख द्यावेत, एवढीच माझी सूचना आहे. एकट्या दादांकडूनच घ्यावे असेही नाही. भांड्यांचे, कापडाचे, पूजासाहित्याचे दुकानदारही आपलेच आहेत. चार पैसे जास्त पडतील. किती पडतील ते हिशेबनीस बाईंनी मांडून पुढच्या सभेत सांगावे, आणि परवडत नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

वाणाची यादी माझ्याजवळ तयार आहे. उद्या सकाळी दहा वाजता मी खाली उतरणार आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी पिशव्या घेऊन यावे. एकच्या आत मात्र, कारण नंतर फळी खाली असते.