गाडी सुकवायला ब्लोअर घेताय? आधी प्लग कुठे आहे ते बघा

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आता जे ऐकवणार आहे ते थोडं कर्कश आहे.

(ब्लोअरचा आवाज, चार-पाच सेकंद)

ऐकलंत? आमच्या शेजारच्या काकूंना वाटलं, मी सकाळी सकाळी मिक्सरमध्ये दगड टाकले. पण हा आहे गाडी धुतल्यावर तिच्यावरचं पाणी उडवायचा इलेक्ट्रिक ब्लोअर. मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की असला ब्लोअर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता. मी स्वतः यात एकदा पैसे घालवलेत आणि एकदा जरा जास्तच मोठी चूक करता करता वाचलोय. म्हणून आज सगळं नीट सांगतो.

सुरुवात बाबांपासून करावी लागेल. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं लालपरी चालवली, पण स्वतःची चारचाकी कधी घेतली नाही. दोन वर्षांपूर्वी मी सेकंड हँड हॅचबॅक घेतली, गडद निळी. ते रिटायर होऊन आमच्याकडे पुण्यात राहायला आलेले. मग काय, रोज सकाळी सहाला बाबा पार्किंगमध्ये! हातात कोरडं फडकं, आणि गाडी अशी पुसायचे की जणू आता डेपोतून बाहेर काढायची आहे.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या लाइटखाली मी बॉनेट बघितलं, तर त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल बारीक रेघा. असंख्य. मी घरी येऊन बाबांवर चिडलो. म्हणालो, ‘बाबा, तुम्ही पुसून पुसून पेंट खराब केलात.’ ते एवढंच म्हणाले, ‘अरे, फडकं तर रोज धूत होतो की.’ दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नाही. सकाळी सहाला उठायचे आणि गॅलरीत बसून राहायचे.

ते मला जास्त लागलं. रेघांपेक्षा जास्त.

आता त्या रेघा येतात कशा, ते बघू. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. त्यावर धूळ बसलेली असताना फडकं फिरवलं की धुळीतले कण पॉलिश पेपरसारखं काम करतात. फडकं कितीही स्वच्छ असू दे, धूळ गाडीवर आहे ना! म्हणजे दोष ना बाबांचा, ना फडक्याचा. कोरडं पुसण्याची पद्धतच चुकीची. आणि खरं सांगायचं तर धुतल्यानंतर मी स्वतः ज्या जुन्या टॉवेलने गाडी रगडून कोरडी करायचो, त्यानेही तेच होत होतं.

मग तुम्ही म्हणाल, पुसूच नका, आपोआप सुकू द्या. तिथे दुसरी गंमत आहे. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. जड पाणी. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार. थेंब उन्हात सुकला की पाणी जातं आणि क्षार मागे राहतात, पांढरा गोल डाग. बाथरूमच्या नळावर जो थर बसतो ना, तोच तुमच्या बॉनेटवर. गडद रंगाच्या गाडीवर तर लगेच उठून दिसतो.

म्हणजे प्रश्न असा आहे: पाणी सुकायच्या आत गाडीवरून काढायचं, पण घासायचं कमीत कमी. इथे ब्लोअर कामाला येतो. तो पाणी ढकलतो. हे महत्त्वाचं आहे, कारण बरेच जण विचारतात, हेअर ड्रायर चालेल का? नाही चालणार. हेअर ड्रायर गरम हवा देऊन पाण्याची वाफ करतो, म्हणजे क्षार तिथेच. आपल्याला थेंब अख्खाच्या अख्खा गाडीवरून खाली पाडायचाय. त्यासाठी गरम हवा लागत नाही, वेगाची हवा लागते.

आता खरेदीकडे येऊ. बाजारात साधारण तीन प्रकार दिसतील.

पहिला, वायरवाला हँड ब्लोअर. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, कॉम्प्युटरची धूळ उडवायला वापरतात तो. साधारण ५०० ते ८०० वॉटचा. हजार-दीड हजारापासून सुरू होतो. वजन पावणेदोन-दोन किलो. तोंड बारीक, त्यामुळे आरसा, हँडल, लोगो, चाकाचे नट अशा जागी एकदम भारी.

दुसरा, बॅटरीवाला. पाला उडवायचा असतो तो, किंवा त्याचा छोटा भाऊ. वायरची कटकट नाही, पण बॅटरी संपते.

तिसरा, खास गाडीसाठी किंवा कुत्र्याचे केस सुकवायला बनवलेला मोठा ड्रायर, लांब पाइपवाला. दोन हजार वॉटच्या आसपास किंवा वरही. ताकद भरपूर, पण किंमतही तशीच आणि १६ अँपिअरचा सॉकेट पाहिजे.

आता खोक्यावरचे आकडे. आपण सॉफ्टवेअरवाले, स्पेसिफिकेशन वाचल्याशिवाय झोप येत नाही. मलाही आली नाही. तर तीन साधे हिशेब सांगतो, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतील.

एक. खोक्यावर ‘४ एचपी’ लिहिलंय? एक एचपी म्हणजे ७४६ वॉट. चार एचपी म्हणजे जवळजवळ ३,००० वॉट. आपल्याकडे २३० व्होल्ट, म्हणजे १३ अँपिअर झाले. आणि प्लग दिलाय साधा ६ अँपिअरचा, जो जास्तीत जास्त १,३८० वॉट घेणार. मग उरलेली ताकद कुठून येते? कुठून नाही, ती फक्त खोक्यावर आहे. वॉट वाचा, एचपी सोडून द्या.

दोन. हवेचा वेग आणि हवेचं प्रमाण. समजा लिहिलंय, वेग सेकंदाला ८० मीटर आणि हवा मिनिटाला ३ घनमीटर. नोझलचं तोंड मोजा. २ सेंटीमीटर व्यासाचं असेल, तर ८० मीटरच्या वेगाने त्यातून मिनिटाला दीड घनमीटरच हवा जाऊ शकते. म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. बऱ्याचदा प्रमाण नोझल काढून मोजलेलं असतं आणि वेग नोझल लावून. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, पण बादली काही लवकर भरत नाही, तसंच आहे हे. फटीतलं पाणी काढायला वेग पाहिजे, छतासारख्या मोठ्या जागेला प्रमाण.

तीन, बॅटरी. खोक्यावर ‘२० व्होल्ट’ असतं, पण आतल्या पाच सेलचा नेहमीचा हिशेब १८ व्होल्टचा. १८ गुणिले ४ अँपिअर-तास, म्हणजे ७२ वॉट-तास. ब्लोअर फुल्ल स्पीडला ३६० वॉट खात असेल तर १२ मिनिटं. बॅटरी २ अँपिअर-तासाची असेल तर ६ मिनिटं. एवढ्यात अख्खी गाडी होत नाही, मी करून बघितलंय. त्या खिशात मावणाऱ्या छोट्या ‘टर्बो’ पंख्यांनाही हाच हिशेब लावा. दोन छोट्या सेलवर वादळ फार वेळ चालत नाही.

एवढा सगळा अभ्यास करून मी कोणता घेतला? ८०० वॉटचा वायरवाला. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त हवा त्याचीच होती. एक्सेल शीट बनवली होती मी, रंगबिरंगी! आणि त्या शीटमध्ये एक कॉलम राहून गेला. तो म्हणजे, प्लग कुठे आहे?

आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. पार्किंगमध्ये सॉकेट नाही. मी काय केलं, तर गॅलरीतून एक्स्टेन्शन खाली सोडली. ती पुरेना, म्हणून तिला दुसरी जोडली. तो दुसरा बोर्ड जमिनीवर. रविवारची सकाळ, मुद्दाम बाबांना बोलावलं. म्हटलं, बाबा, आता घासायचं नाही, नुसती हवा मारायची, तुम्हीच मारा. ते खूश. गाडी धुतली, पाणी उताराने वाहत गेलं थेट त्या बोर्डापाशी. बाबांच्या लक्षात आलं. ‘अरे, बोर्ड भिजतोय’ म्हणत ते तो उचलायला वाकले. पायात ओल्या स्लीपर, हात ओले. मी ओरडायच्या आत ब्लोअर बंद पडला. वर घरातला ईएलसीबी पडला होता.

बाबांचा हात बोर्डापासून वीतभर लांब होता.

मंडळी, तो ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, ३० मिलिअँपिअर गळती झाली की वीज तोडतो. तो आमच्या घरात होता म्हणून मी आज हा भाग हसत हसत रेकॉर्ड करतोय. नुसता एमसीबी असता तर तो पडला नसता, कारण एमसीबी जास्त करंट ओढला की पडतो, माणसाच्या अंगातून गेलेला थोडा करंट त्याला कळतच नाही. तुमच्या घरात आहे का हे आज बघा. त्याच्यावर ‘टेस्ट’ असं एक छोटं बटन असतं, ते दाबून वीज जाते का तेही बघा. गाडी नसली तरी बघा.

त्या दिवसापासून माझा नियम उलटा झाला. आधी प्लग, मग ब्लोअर.

तुमच्याकडे अंगण आहे, गावाकडचं घर आहे, भिंतीवर उंचावर सॉकेट आहे आणि त्या लाइनवर आरसीसीबी आहे, तर वायरवाला घ्या, बिनधास्त. एक्स्टेन्शन एकच, तीन वायरची, जाड तांब्याची. रीळ असेल तर पूर्ण उलगडायची, गुंडाळलेली वायर तापते. आणि बोर्ड जमिनीवर ठेवायचा नाही, उंचावर टांगायचा.

माझ्यासारखं सोसायटीचं पार्किंग असेल, सॉकेट नसेल, तर बॅटरीवाला. किमान ४ अँपिअर-तासाची बॅटरी. घरात ड्रिल मशीन असेल तर त्याच कंपनीच्या त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर मिळतो का बघा, बरेच पैसे वाचतात. लिफ्टच्या किंवा जिन्याच्या सॉकेटमधून वीज घ्यायची तर आधी सोसायटीला विचारा.

आणि गाडी महिन्यातून एकदाच धूत असाल तर? घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरला ब्लोअरचं तोंड आहे का बघा. आत साचलेली धूळ आधी साफ करा, नाहीतर ती सगळी ओल्या गाडीवर. आणि प्लगचा नियम त्यालाही तोच. कदाचित नवीन काही घ्यायची गरजच पडणार नाही.

वापरायचा कसा, ते पटकन सांगतो. गाडी सावलीत धुवा. शेवटचं पाणी सोडताना नळीची गन काढा आणि धार हळू, सलग सोडा. पाणी चादरीसारखं घसरतं आणि थेंब कमी राहतात. वॅक्स केलेलं असेल तर पाण्याचे टपोरे थेंब होतात आणि हवेने चटकन पळतात. वॅक्स नसेल तर पाणी चिकटून बसतं, मग कितीही महाग ब्लोअर आणा, दमाल. वरून खाली या: छत, काचा, बॉनेट, दरवाजे. शेवटी आरसे, हँडल, नंबर प्लेट, पेट्रोलचं झाकण, चाकं. नोझल पेंटपासून वीतभर लांब, आणि तोंडाला रबर नसेल तर जास्तच सांभाळून, कारण एकदा टेकलं की तिथेच ओरखडा. ब्लोअर जमिनीजवळ धरू नका, तो खालची धूळ ओढून गाडीवर मारतो.

मी आता काय करतो? बॅटरीच्या १२ मिनिटांत छत आणि सगळ्या फटी. उरलेलं पाणी जाड मायक्रोफायबर टॉवेलने, न रगडता, नुसतं टेकवून टिपून. म्हणजे टॉवेल पूर्ण सुटला असं नाही, पण घासणं जवळजवळ संपलं. जुन्या रेघा आहेत तशाच आहेत, नवीन फारशा दिसत नाहीत.

आणि ब्लोअर कोण चालवतं? बाबा. पहिल्यांदा बॅटरीवाला हातात दिला तेव्हा त्यांनी चारही बाजूंनी फिरवून बघितला आणि विचारलं, ‘वायर कुठंय?’ म्हटलं, ‘नाही वायर.’ म्हणाले, ‘मग हे आधी का नाही आणलंस?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक्सेल शीट होती फक्त.

तर मंडळी, खरेदीला जायच्या आधी एकदा खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा आणि सॉकेट शोधा. आजच्यापुरतं एवढंच. आणि हो, सकाळी सहाला ब्लोअर लावू नका, शेजाऱ्यांची झोप जड पाण्याच्या डागांपेक्षा महत्त्वाची आहे. आम्ही आता नऊला लावतो. भेटू पुढच्या भागात, काळजी घ्या!