रक्ताची देवघेव



आम्ही डॉक्टर नव्हे. आयुष्य युनियनच्या कामात गेले. शिकलो ते पुस्तके मागून वाचून. रक्ताविषयी जेवढे उमगले तेवढेच सांगतो.

१९०१ साली व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी रक्ताचे गट दाखवून दिले. तांबड्या पेशींवर ए किंवा बी अशी खूण असते. कोणावर दोन्ही, कोणावर एकही नाही, ते ओ. परक्या खुणेचे रक्त अंगात गेले तर अंगातली प्रतिद्रव्ये त्या पेशी फोडतात आणि रोगी दगावू शकतो.

ओ रक्त कोणासही चालते, असे आपण पाठ केलेले असते. पण १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईत अशी माणसे दाखवली, की ज्यांना ओ रक्तही चालत नव्हते. ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, ते एच नावाचे द्रव्यच त्यांच्या पेशींवर नव्हते. ओ माणसाजवळ ते असते, म्हणून ओ रक्तही त्यांस परके. साध्या चाचणीत हे रक्त ओच दिसते. रक्तरस ओ पेशींशी ताडून पाहिला तरच भेद कळतो. जुळवणीला वेळ लागतो तो यासाठी. रक्तपेढीतल्या मुलीवर ओरडू नये! या गटाला जगभर मुंबईचेच नाव आहे.

एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट व प्लाझ्मा वेगळे काढतात. पेशी थंड कपाटात पाच-सहा आठवडे टिकतात, गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर. प्लेटलेट मात्र पाचच दिवस. हा माल कोठारात भरून ठेवता येत नाही, देणारा माणूसच लागतो.

पूर्वी उपाशी मजूर पोटासाठी रक्त विकत आणि आपण त्यांस नावे ठेवीत असू. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाने १ जानेवारी १९९८ पासून ती विक्री बंद झाली. चांगलेच झाले. पण ती जागा कोणी भरायची? इन्सुलीचा रोगी बांबोळीला नेला, की सोबतचा माणूस परक्या गावात रक्त देणारा शोधीत हिंडतो.

रक्त दिले की माणूस वाळतो, असे गावात म्हणतात. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, पेशींना काही आठवडे लागतात. म्हणून पुरुषांनी तीन व स्त्रियांनी चार महिन्यांचे अंतर ठेवायचे. वजन निदान ४५ किलो हवे.

मंडपाबाहेर वही ठेवली आहे. नाव आणि शेवटचे रक्त कधी दिले, एवढे लिहावे. गट रक्तपेढी ठरवील.