‘नाही’ म्हटलं तर काय होईल?

(चामोर्शी येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपण जे होतो ते आपल्या मर्जीने होतो का? आपल्या घरांत याचं एक तयार उत्तर आहे : नसीब. तिच्या नसिबात शिक्षण नव्हतं, त्याच्या नसिबात गॅरेजच होतं. हे कोण कुणाला ऐकवतं तेवढं बघा. मुलीची शाळा सुटली की नसीब आठवतं. भावांत जमिनीची वाटणी निघाली की कुणालाच आठवत नाही, सगळे सरळ तलाठ्याकडे जातात.

हा वाद जुना आहे. इस्लामच्या सुरुवातीच्या काळातच तो पेटला होता. माणूस आपल्या कृत्यांना जबाबदार आहे असं कदरिया म्हणत, सगळं आधीच ठरलेलं आहे असं जबरिया म्हणत. उमय्या खलिफांना दुसरं म्हणणं सोयीचं होतं, कारण मग त्यांची गादीही खुदाचीच मर्जी ठरते. म्हणून नशिबावर प्रश्न विचारला की दीन बुडाला, असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. हा प्रश्न दीनदार माणसांनीच आधी विचारला आहे.

पण ‘मनात आणलं तर काहीही होता येतं’ हे मोबाईलवरचं भाषणही मला पटत नाही. आपल्या तालुक्यात बंगाली कुटुंबांची गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या लोकांना सरकारने इथे वसवलं. वैनगंगेकाठी धान पिकवायचं, मुलांनी मराठी बोलायचं, हे त्यांनी निवडलं होतं का? आणि आपल्या पोरांपुढे तरी काय आहे? बापाचं दुकान, पोलीस भरती, आता कोनसरीचा लोखंडाचा कारखाना. यातून एक उचलणं ही निवड खरी, पण ताट दुसऱ्यानेच वाढलेलं आहे.

मेहरुन्निसा दलवाईंकडे बघू. उर्दू बोलणाऱ्या घरातली मुलगी. 1956 साली हमीद दलवाईंशी लग्न झालं. 18 एप्रिल 1966 रोजी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या, त्यांत त्या होत्या. सातच! आता कुणीही म्हणेल, नवरा पुढारी, त्याने उभं केलं म्हणून गेल्या. शंका रास्त आहे, पण पुढचं बघा. 3 मे 1977 ला दलवाई गेले. मेहरुन्निसाबाई त्यानंतर चाळीस वर्षं जगल्या, 2017 पर्यंत. मुस्लिम सत्यशोधक मंडळाचं काम त्यांनी सोडलं नाही, आणि ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. तेव्हा ढकलणारा कोण होता? काम सोडून घरी बसल्या असत्या तर कुणी बोल लावला नसता. उलट समाजाने शाबासकीच दिली असती. शिवाय त्या नोकरी करत होत्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. स्वतःचा पगार असलेल्या बाईच्या ‘हो’ला वजन असतं, कारण तिला ‘नाही’ म्हणणं परवडतं.

म्हणून बुरख्यावरची आपली भांडणं मला अर्धवट वाटतात. घालणारीला एक बाजू विचारते, कुणी घालायला लावला? न घालणारीला दुसरी विचारते, कुणी बिघडवलं? तिला स्वतःचं डोकं आहे हे दोघांनाही मान्य नाही. मी तिसरं विचारतो : उद्या तिने उलटं ठरवलं तर घरात काय होईल? थोडी कुरकुर होऊन जेवणं उरकणार असतील, तर आजचा निर्णय तिचा आहे, मग तो मला आवडो न आवडो. शिक्षण बंद, मार, किंवा घाईघाईने निकाह होणार असेल, तर तिच्या ‘माझ्या मर्जीने’ या शब्दांवर मी विसंबणार नाही. मुलांनाही हेच लावा. दुकानावर बसणार नाही म्हणालेल्या पोराशी अब्बू किती महिने बोलत नाहीत?

आणि ही मोकळीक कधीकधी अगदी साध्या गोष्टींनी वाढते. मुलीला गडचिरोलीला कॉलेजला पाठवायचं तर भाडं परवडत नाही, असं घरोघरी सांगितलं जायचं. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. आता तुमच्या घरी बहिणीला कोणतं कारण सांगितलं जातंय, ते आज घरी गेल्यावर नीट ऐका. आणि तुम्ही तिथे बसलेले असताना काही बोलता की नाही, तेही.