काळ्या पाण्याचा कैदी आणि दप्तरांतील माग

उमरेडहून भिवापूर-नागभीडकडे निघालेली वाट पुढें जुन्या चांदा जिल्ह्याच्या अरण्यांत शिरते. त्या जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, अडपल्ली व घोट हे परगणे होते. तेथील जमीनदार व्यंकटराव यानें १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. त्याचा साथी बाबूराव शेडमाके याचें नांव आज विदर्भांत सर्वतोमुखी आहे. व्यंकटरावाचें तसें नाहीं. एकास फांशी झाली, दुसऱ्यास काळें पाणी. जो डोळ्यांदेखत गेला तो स्मरणांत राहिला. जो दूर धाडला गेला त्याचा माग दप्तरांतच काढावा लागतो.

दप्तर सांगतें तें असें. नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें. चार वर्षांनीं, मार्च १८५८ मध्यें, बाबूरावानें राजगड परगण्यांत बंड उभारलें. व्यंकटराव त्यास मिळाला आणि गोंड व रोहिले यांची फौज जमली. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यांनीं त्यांवर सैन्य धाडलें. पुढें अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्याकडून बाबूराव पकडला गेला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं त्यास चांद्यास फांशी दिलें. व्यंकटराव बस्तरांत निसटला. एप्रिल १८६० मध्यें बस्तरच्या राजानें त्यास धरून इंग्रजांच्या हवालीं केलें. शिक्षा झाली ती जन्माच्या काळ्या पाण्याची आणि सर्व मालमत्तेच्या जप्तीची.

हा वृत्तान्त मेजर ल्यूसी स्मिथ यांच्या १८६९ च्या जमाबंदीच्या अहवालावरून पुढील गॅझेटियरांत उतरला. सारा ठरविणाऱ्या अधिकाऱ्यास बंडाशीं काय कर्तव्य? उत्तर सोपें आहे. जमीन कोणाची, ती त्याच्याकडे कशी आली, हें नोंदविणें त्याचें कामच होतें. आणि व्यंकटरावाच्या जप्त मुलखांतून लक्ष्मीबाईंना इनाम मिळालें होतें. माणूस देशाबाहेर काढला तरी त्याचीं गांवें जागचीं हलत नाहींत. म्हणून हद्दपार झालेल्याचा पहिला माग तुरुंगाच्या वहींत नव्हे, तर जमिनीच्या वहींत लागतो.

दुसरा माग समुद्रापलीकडचा. चांद्यांत बंड पेटलें त्याच मार्चांत डॉ. वॉकर दोनशें कैदी घेऊन अंदमानांत उतरले आणि तेथें नवी बंदिवानांची वसाहत सुरू झाली. पुढें तेथील कैद्याच्या गळ्यांत लाकडी बिल्ला आला. त्यावर क्रमांक, कायद्याचें कलम व शिक्षेची तारीख असे. नांवाची जागा आंकड्यानें घेतली. शोधकानेंही हें ध्यानीं ठेवावें. व्यंकट, वेंकट, यंकट असें एकच नांव कारकुनाच्या कानाप्रमाणें बदलतें. शिक्षेची तारीख व जिल्हा सहसा बदलत नाहींत. नांवावर विसंबणारा फसतो, तारीख धरून चालणारा पोंचतो.

या साऱ्या वह्या ज्यांनीं शिक्षा दिली त्यांच्याच हातच्या आहेत. त्यांत व्यंकटराव कधीं ‘बंडखोर’ असतो, कधीं ‘जप्त मालमत्तेचा पूर्वीचा धनी’. स्वतःच्या मुखानें तो कोठेंच बोलत नाहीं. तथापि त्याच वह्या एकमेकींशेजारीं ठेवून वाचल्या, म्हणजे विशेषणें गळून पडतात आणि मुलूख, घर व देश ह्या तिन्हींस एकाच निकालानें मुकलेला मनुष्य समोर उभा राहतो. बाबूरावाचें स्मरण करतांना त्याच्या या साथीदाराचेंही नांव उच्चारावें, इतकें ऋण विदर्भावर खास आहे.