धुराची वाट माळवदातून



आज आम्ही तुमच्याशी घरातल्या पाइपाविषयी बोलणार आहोत. हा काय बोलण्याचा विषय, असे कोणी म्हणेल. पण जिचे डोळे चुलीपुढे रोज चुरचुरतात, तिला विचारा.

घरात गॅस आला. तरी भाकरी चुलीवर, आंघोळीचे पाणी चुलीवर, हे आपल्या कुर्डुवाडीच्या आसपास पुष्कळ घरी चालूच आहे. घरातल्या धुराने २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. धूर डोळ्यांत जातो, तसाच छातीत जातो. चुलीजवळ बसलेल्या लेकरालाही तो सोडत नाही.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आम्ही पडलो मास्तर, गावाला शहाणपण शिकवणारे. घरी चुलीला पाइप बसवायचे ठरले. गवंडी म्हणाला, "गुरुजी, माळवद फोडायचं का?" आमच्या पोटात गोळा आला. माळवद एकदा गळायला लागले की लवकर आवरत नाही. आम्ही म्हणालो, "नको. भिंतीतून काढ." पाइप भिंतीतून आडवा निघाला आणि बाहेर हातभर येऊन थांबला.

चार दिवस बरे गेले. मग पश्चिमेचा वारा सुटला. धूर बाहेर जायचा सोडून चुलीच्या तोंडातून घरात येऊ लागला. आमची आई आधीच खोकत होती. ती भिंतीला टेकून, बसून रात्र काढू लागली. एके सकाळी ती म्हणाली, "आरं, माझ्या सासूनं माळवदाला सवनं ठेवलं हुतं. तू एवढा शिकल्याला, अन् तुला भोकाचं भ्या वाटतंय व्हय?"

तिचे खरे होते. जुन्या माळवदी घरात सवनं असायचेच. कोणी त्याला सानं म्हणतात. त्यातून उजेड यायचा, धूर जायचा. पाऊस आला की वर झाकण ठेवायचे. त्याचा काठ माळवदाहून उंच बांधलेला असायचा, म्हणून माळवदावरचे पाणी आत शिरत नसे. भोक पाडायची विद्या घरातच होती. आम्ही ती विसरलो होतो.

मग पाइप सरळ वर काढला. तो पहिल्या पावसात गळला, हेही सांगून टाकतो. गवंड्याने भोकाभोवती नुसता सिमेंटचा लेप दिला होता. पाइप तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. लेपाला चीर पडते आणि पाणी आत येते. दुसऱ्यांदा आम्ही सवन्यासारखा वीतभर उंच कट्टा बांधून घेतला. त्याच्या वर पाइपाला पत्र्याची झालर बसवली, छत्रीसारखी. पाणी झालरीवरून कट्ट्याच्या बाहेर पडू लागले. मग थेंब आला नाही.

घर पत्र्याचे असेल तर झालरीची वरची कड वरच्या पत्र्याखाली सरकवा आणि खालची कड खालच्या पत्र्यावर येऊ द्या. उलटे केले तर पाणी घरात. आणि तापलेला पाइप लाकडी तुळईला किंवा छपराच्या पाचटाला टेकता कामा नये, नाहीतर एक दिवस घर पेटेल.

मागे असेच बोलताना रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आम्हाला अडवले. आपल्या गावात रेल्वेची माणसे फार. १८९७ साली इथून बार्शीला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. ते म्हणाले, "गुरुजी, त्या इंजिनाचं धुराडं केवढं आखूड! तरी आग कशी भडकायची. मग चुलीला एवढा उंच पाइप कशाला?"

प्रश्न झकास होता. इंजिनात काम करून झालेली वाफ धुराड्यातून जोराने वर सोडतात. ती वाफ धूर ओढून नेते. चुलीत अशी वाफ कुठली? तिला ओढ मिळते ती पाइपाच्या उंचीने. तापलेली हवा हलकी, म्हणून वर जाते. जितका उभा पाइप उंच, तितकी ओढ जास्त. आडव्या पाइपात ती ओढ नसते. आमच्या भिंतीतल्या पाइपाचे तेच झाले होते.

पाइप छपराच्या वर निदान दोन फूट हवा. माळवदाला कठडा असेल तर कठड्याच्याही वर काढा, नाहीतर तो खड्ड्यात उभा राहिल्यासारखा होतो. उन्हाळ्यात आपण वर कुरडया घालतो, झोपतो. म्हणून आम्ही तर डोक्याच्या वर नेला. तोंडाला टोपी हवी, पण धुराला वाट ठेवून.

चुलीला प्लास्टिकचा पाइप लावू नका, तो वितळतो. जुना सिमेंटचा पाइप ॲस्बेस्टॉसचा असतो. तो करवतीने कापू नका, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून काजळी काढा. १९८३ पासून सरकारने सुधारित चुली वाटल्या होत्या. त्यांतल्या पुष्कळ बंद पडल्या, कारण पाइपाकडे कोणी पाहिले नाही.

आता संडासाचा पाइप. दोन खड्ड्यांच्या संडासाला तो लागत नाही, वायू मातीत मुरतो. टाकी असेल तर लागतो. टाकी घराजवळ असेल, तर पाइप घराच्या माथ्यावर दोन मीटर उंच न्यावा. तोंडाला मच्छरांसाठी जाळी बांधावी. आमच्या आळीत एकाने तो शेजाऱ्याच्या खिडकीखालीच संपवला. दोन्ही घरे तीन वर्षे बोलत नव्हती. शेवटी दहा फूट पाइप वाढवला, तेव्हा दिवाळीचा फराळ इकडून तिकडे गेला.

आपण पावसाळ्याआधी माळवदावर माती टाकतो. भोक त्याच्या आधी पाडा, म्हणजे कट्टा वाळायला वेळ मिळेल. ज्याला माप घ्यायचे असेल त्याने येताना सुतळी आणावी. शिडी आमच्याकडे आहे.